दोन हात लांबचा माणूस

गावाचं नाव राहू द्या. हिंगणीहून बोर धरणाकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा फुटतो, तिथून आत गेलं की पहिलं दुकान चंद्रभानचं. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. दुकानात पाय टाकला की औषधांचा असा भपकारा येतो की डोळ्यांतून पाणीच यावं. गिऱ्हाईक नाकाला दुपट्टा लावून आत यायचं आणि पोतं उचललं की पळायचं. चंद्रभानला हे फार सोयीचं होतं. त्या भपकाऱ्यात दुसरा कुठला वास कुणाला येत नसे.

दुसरा वास दारूचा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, आणि ती कशी आहे तेही ठाऊक आहे. पिणारा पितोच. पोट्टे गाड्या काढतात, जिल्ह्याची हद्द ओलांडतात, पलीकडच्या पहिल्या बारमध्ये बसतात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि परत येऊन घरच्यांच्या शिव्या खातात. घाणच ती, पण चौघांनी मिळून केलेली. त्यात हसणं असतं, भांडण असतं, दुसऱ्या दिवशी खांद्यावर पडलेला हात असतो. चंद्रभानची घाण एकट्याची होती, कारण चंद्रभान गावाच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष होता.

अध्यक्ष झाला तेव्हा तो थेंबाला शिवत नव्हता, हे खरं. तेव्हा देवका होती. मग करोनात देवका गेली. मुलगी काजल पुण्याला, तिचा संसार, तिची नोकरी तिकडेच. घरात उरला चंद्रभान आणि मांडणीवर देवकानं लावून ठेवलेली भांडी. झोप येईना. कुणीतरी म्हणालं होतं की मोहाची घोटभर घेतली तर झोप येते. घेतली आणि आली. पुढचं सांगायला नको. अध्यक्षपद सोडावं असं एकदा मनात आलं होतं, पण सोडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. शिवाय त्या पदाची चव दारूपेक्षा जास्त चढते, हे त्याला कळून चुकलं होतं.

गावात त्याच्या नाकाचा मान होता. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहायच्या आधी प्रत्येक गड्यानं चंद्रभानसमोर जाऊन तोंडातून फुंकर मारायची, अशी रीत समितीनं पाडली होती. ज्याच्या तोंडाला वास, त्याची जोडी तोरणाबाहेर. पिऊन आलेल्याला चंद्रभान दोन पावलांवरूनच ओळखायचा. कुणी लवंग चावो, पुदिना खावो, कांदा फोडून खावो, ह्याचं नाक चुकत नसे. बाया कौतुकानं म्हणायच्या, भाऊचं नाक लय तेज. तेज नसायला काय झालं? सगळ्या युक्त्या त्यानं स्वतःवर करून पाहिल्या होत्या. मात्र त्याच्या तोंडाचा वास घ्यायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

दिवसा औषधांचा वास सांभाळून घ्यायचा. संध्याकाळचं काय? म्हणून संध्याकाळी माणसांजवळ जायचंच नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. लग्नाला सकाळीच जाऊन आहेर द्यायचा आणि पंगतीआधी काढता पाय घ्यायचा. मयतीला गेला तरी लांब झाडाखाली उभा. कुणाच्या ओट्यावर बसणं नाही, कुणाला आपल्या ओट्यावर बसवणं नाही. बोलायचं तर दोन हात लांबून, मान वळवून. दिवाळीत काजल आली, तिची छोटी पोरगी दिवेलागणीला धावत येऊन मांडीवर चढली आणि आजोबांच्या गळ्यात पडली, तर ह्यानं तिला असं ढकललं की पोर जमिनीवर आपटली. काजलनं बॅग भरली. पुढच्या दिवाळीला ती आलीच नाही.

लोकांना ह्यातलं काही कळायला हवं होतं की नाही? पण लोकांचं डोकं कुठे चालावं ह्याचा नेम नसतो. लोक म्हणाले, भाऊ सोवळे आहेत, संध्याकाळी ध्यानाला बसतात, कुणात मिसळत नाहीत. तो जितका लांब सरकला तितके लोक त्याच्या पाया पडू लागले, तेही लांबूनच. आणि चंद्रभाननंसुद्धा लांब राहण्याला एक कारण शोधलं. माणसांची किळस येते, हे ते कारण. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घोटून पिवळी पडलेली बोटं, आणि त्याच बोटांनी पुढे केलेली नोट. बोलताना ओठाच्या कोपऱ्यात जमणारा लाल फेस. पंगतीत कोपरापर्यंत ओघळलेली तर्री जिभेनं चाटणारे पाहुणे. म्हाताऱ्यांचे बेडके, पोरांचे शेंबूड. बघत बसलं की घाण कुणातही सापडते. आधी तो किळस नुसती दाखवत होता, मग ती खरीच यायला लागली. शेवटी तर कुणी जवळ येऊन श्वास सोडला तरी तो मागे जाऊन तोंड धुऊन यायचा.

अशा माणसाचं जगात एकच बसायचं ठिकाण होतं, आणि तेही सगळ्यात घाणेरडं. त्याच्या वावराला लागून नाला होता, आणि नाल्याच्या काठावर अनुसयाबाईची झोपडी. नवरा कधीचाच मेलेला, आचल नावाची एक मुलगी, दोन शेळ्या. काठावरच्या झुडपांत ती प्लास्टिकचे डरम गळ्यापर्यंत पुरून ठेवायची आणि त्यात मोहफुलं, काळा गूळ, नवसागर टाकून सडवायची. त्या आंबवणाला सडवा म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर ठेवलेलं आहे. वर करडा फेस यायचा, त्यात मुंगळे तरंगायचे, कधी उंदीरही. तोच उकळून, गाळून चंद्रभानच्या घशात जायचा.

तो रोज उन्हं कलली की वावर पाहायला म्हणून निघायचा. झोपडीत बाजेच्या कडेवर, धोतर सावरून बसायचा, जणू बाजेला रोग झालाय. तिच्या भांड्याला तोंड लावायचं नाही म्हणून घरून स्टीलचा गिलास आणलेला. आधी तो रोज थैलीत नेत-आणत असे, पण थैलीत काय वाजते म्हणून कुणी विचारलं तेव्हापासून तो तिच्याच झोपडीत, कोनाड्यात ठेवायला लागला. अनुसयाबाई तो राखेनं घासून पालथा घालून ठेवायची. दुसऱ्या कुणाला त्यातून देत नसे.

आणि मग चंद्रभान बोलायचा. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर यायचं. अमका किती लोचट, तमक्याचं तोंड कसं गटारासारखं वास मारते, समितीच्या बाया कशा डोक्यावर बसल्या. अनुसयाबाई चुलीपुढे बसून ऐकायची आणि मध्येच असं काही बोलायची की ह्याला हसू फुटायचं. गावात ज्याचे दात कुणी पाहिले नव्हते तो माणूस तिथं बाजेवर मागे रेलून हसायचा.

"आज समितीची कांता आलती दुकानात," तो एकदा सांगत होता. "म्हणे, भाऊ, तुमी आमच्यासाठी देव होय."

"मंग देवाले अजून थोडा परसाद देऊ का?" अनुसयाबाईनं विचारलं आणि त्याचा गिलास भरला.

पण म्हणून त्याला तिच्याबद्दल माया होती असं समजू नका. तिची त्याला किळसच यायची. तिच्या टाचांच्या भेगा, लुगड्याला लागलेला सडव्याचा वास, दातांवरचा काळा थर. ती वांग्याचं भरीत करायची, पानगे भाजायची आणि पळसाच्या पानावर त्याच्यापुढे ठेवायची. हा ते पान हातात घेऊन बाहेर पडायचा आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कुत्र्यापुढे टाकायचा.

"मालक, तुमच्या धुऱ्यावरचं कुत्रं लय माजलं जी," एकदा ती म्हणाली. "माह्या हातचं त्याले लय मानवते."

चंद्रभाननं गिलास रिकामा करून पुढे धरला.

एकदाच तिनं त्याच्याकडे काही मागितलं. आचलचं साक्षगंध होतं, साखरपुडा. मुलाकडचे लोक सिंदीहून येणार होते. "पाच मिनिटं येऊन बसजा जी," ती म्हणाली. "पोरीले बाप नाई. वडीलधारं कोणी बसलं म्हंजे चार लोकाइत बरं दिसते."

"मी कसा येऊ तिथं?" चंद्रभान म्हणाला. "लोक काय म्हणतीन?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी हा आपला नेहमीच्या वेळेला बाजेवर हजर. तिनं नेहमीसारखा गिलास भरला आणि चुलीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी ती काही बोलली नाही, एवढंच. ह्याला वाटलं, कालच्या धावपळीनं थकली असेल.

हे असं चालू होतं, आचल लग्न होऊन सिंदीला गेली, आणि पोळा आठवड्यावर आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराला, आमच्याकडे दारूचा पूर येतो. म्हणून समितीच्या बाया आधीच भट्ट्या फोडत फिरतात. त्या बायांची पुढारी कांताबाई, अंगणवाडीची सेविका. तिच्या नवऱ्याला दारूनंच नेलं होतं, रक्ताच्या उलट्या करत. त्यामुळे तिच्या रागात नाटक नव्हतं, आणि चंद्रभानला तिची भीती वाटायची ती त्याचमुळे. दर राखीला ती त्याच्या हाताला राखी बांधायची. राखी बांधतानाही हा श्वास रोखून धरायचा.

त्या दिवशी सकाळीच ती दुकानाच्या दारात उभी राहिली. मागे दहाबारा बाया, हातात काठ्या, कुणाच्या हातात कुदळ.

"भाऊ, चाला. नाल्यावरची अनुसया. पोळ्यासाठी तिनं डरम भरून ठेवले."

चंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. "ठाण्याले कळवू आधी," तो म्हणाला. "आपुन कायले हातात घ्याचं?"

"ठाण्याले कळवलं का तिले आधी समजते. पोलीस पाटलाले बोलावलं मी, बंडूजी येऊन राह्यले. तुमी पुढं चाला. पहिली काठी अध्यक्षाची."

ही पण समितीचीच रीत. पहिला घाव अध्यक्षानं घालायचा, मग बायांनी तुटून पडायचं. त्यानं दुकानाला कुलूप घातलं. तिला सावध करावं तर तिचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. आपल्या फोनमध्ये तिचं नाव कुणाला दिसू नये म्हणून त्यानं तो कधी घेतलाच नव्हता. चालता चालता त्याला एकच काळजी होती, की ती तोंड उघडेल. बायकांची पद्धत ठाऊक होती. पकडलेल्या विक्रेत्याला त्या गिऱ्हाइकांची नावं विचारतात, आणि नावं सांगितली तर माल फोडून त्याला सोडून देतात, ठाण्यावर नेत नाहीत. अनुसयाबाईला सुटायला एक नाव पुरलं असतं.

गिलासाची आठवण त्याला झालीच नाही. झाली असती तरी तो म्हणाला असता, गिलासासारखे गिलास घरोघरी असतात. आपल्याच गिलासावर काय कोरलंय ते कोण वाचत बसतो?

नाल्यावर पोचले तेव्हा अनुसयाबाई शेळीला पाला घालत होती. तिनं बायांकडे पाहिलं, काठ्यांकडे पाहिलं, मग चंद्रभानकडे. आणि पुन्हा शेळीकडे वळली. कुदळींनी माती उकरली, डरम वर आले, झाकणं निघाली आणि वास सुटला. बायांनी पदर नाकाला लावले. कांताबाईनं काठी चंद्रभानच्या हातात दिली.

रोज ज्यावर जीव जगवला त्यावर त्यानं काठी घातली. पहिल्या फटक्यानं गाळायचं मडकं फुटलं. शेवाळी रंगाचं पाणी त्याच्या पायावरून वाहिलं, बोटांच्या मधून गेलं. मागून बाया तुटून पडल्या. फेस, कुजलेली फुलं, फुगून पांढरा पडलेला एक उंदीर, सगळं नाल्याच्या काठावर पसरलं. चंद्रभानच्या तोंडाला पाणी सुटलं. ह्या घाणीनं तोंडाला पाणी सुटावं, ह्याची त्याला स्वतःलाच अशी शिसारी आली की तो मान वळवून थुंकला. बायांना वाटलं, भाऊंना वास सहन होत नाही. एकीनं त्याला सावलीत नेऊन उभं केलं.

"अनुसया," कांताबाई म्हणाली, "कोण कोण येते इथं? नावं सांग. सांगतली तं आता सोडतो तुले. नाई सांगतली तं ठाणा."

"जो येते तो पेते," अनुसयाबाई म्हणाली. "मी काय कोणाचं तोंड पाह्यत बसतो?"

चंद्रभानचा जीव भांड्यात पडला. पण तोवर दोन बाया झोपडीत शिरल्या होत्या आणि सामान बाहेर फेकत होत्या. चटई आली, डबे आले, घमेलं आलं. मग एकीनं गिलास आणून कांताबाईच्या हातात दिला. चांगला जाड, चकचकीत गिलास, त्या घरात न शोभणारा. कांताबाईनं तो पदरानं पुसला आणि कडेची अक्षरं उन्हात धरून वाचली.

"सौ. देवका चंद्रभान ढोबळे."

भांडं घेतलं की दुकानदाराकडून त्यावर नाव कोरून घ्यायचं, ही आपल्या घराघरातली चाल. देवका तर वाटीसुद्धा कोरल्याशिवाय घरात आणत नसे. कोरायच्या मशीनचा कर्रकर्र आवाज ऐकत चंद्रभान स्वतः दुकानात तिच्या शेजारी बसला होता, आणि तरी त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"हे तं वैनीचं नाव होय," कांताबाई म्हणाली.

सगळ्या बाया चंद्रभानकडे बघायला लागल्या. त्या बघण्यात अजून संशय नव्हता, नुसता प्रश्न होता, पण प्रश्नाचा संशय व्हायला वेळ लागत नाही. चंद्रभानची जीभ टाळ्याला चिकटली. पोलीस पाटील बंडूजी खाकरले. आणि तेवढ्यात अनुसयाबाई बोलली.

"तो मी चोरला. मालकाच्या वावरातल्या कोठ्यातून."

"खरं होय का, भाऊ?" कांताबाईनं विचारलं.

ह्या ठिकाणी माणसाला माणूस व्हायची एक संधी असते. नाही म्हणायचं, एवढंच. चंद्रभानच्या समोर ती बाई उभी होती, जिनं त्याच्या मेलेल्या बायकोचा गिलास रोज राखेनं घासला होता. आणि तो म्हणाला, "हो. लय दिवसापासून सापडत नव्हता." आवाज कसा स्वच्छ निघाला. एवढा वेळ चिकटलेली जीभ खोटं बोलायला बरोबर सुटली.

मग बाया चवताळल्या. दारू विकते ती विकते, वर मेलेल्या बाईचं भांडं चोरते. एक तिच्या तोंडावर थुंकली. दुसरीनं उरलेल्या सडव्याची बादली उचलली आणि तिच्या डोक्यावर उपडी केली. करडा लगदा तिच्या केसांतून, कपाळावरून, छातीवरून खाली ओघळला. अनुसयाबाईनं डोळे मिटले आणि तोंड घट्ट बंद ठेवलं, बस. बंडूजी तिला तशीच ठाण्याकडे घेऊन गेले. ओलं लुगडं पायात अडकत होतं आणि तिच्या मागे माश्यांचा घोळका चालला होता. चंद्रभानकडे तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

कांताबाईनं गिलास नाल्यावर नेऊन घासला, धुतला, पुन्हा घासला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "वैनीची आठवण होय. सांभाळून ठेवजा."

चंद्रभाननं तो घेतला.

गावात त्याचा आणखी उदो उदो झाला. त्यानं मात्र दुसऱ्याच दिवशी नागपूरला माल आणायला जायच्या निमित्तानं एक बाटली आणली, खताच्या पोत्यात दडवून. दार लावलं, बसला, पहिला घोट घेतला आणि सवयीनं बोलला, "आज तो नत्थूजी आलता, खर्रा थुंकला नेमका दुकानाच्या पायरीवर." घर गप्प. त्यानं आणखी पिऊन पाहिलं, पुन्हा तेच वाक्य मोठ्यानं बोलून पाहिलं. स्वतःचा तो चिरका, चिकट आवाज त्याला पहिल्यांदाच ऐकू आला, आणि असा आवाज रोज कुणी ऐकून कसा घेत असेल ह्याचं त्याला नवल वाटलं. अर्धी बाटली त्यानं मोरीत ओतली. दारूची तलफ वेगळी आणि ही वेगळी, हे त्याला इतक्या उशिरा कळलं.

मग त्याच्या मनानं एक गोष्ट रचली. तिनं माझं नाव का घेतलं नाही? घेतलं असतं तर सुटली असती. चोर म्हणवून घेतलं, अंगावर घाण ओतून घेतली, पण नाव घेतलं नाही. म्हणजे तिला माझी माया आहे. गावभर पाया पडणारे आहेत, पोटची पोर आहे, पण माझं असं एकच माणूस जगात आहे आणि ते नाल्यावर राहतं. ह्या विचारानं त्याला रडू आलं. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली गड्यांच्या फुंकरी हुंगताना, भांड्यांच्या दुकानासमोरून जाताना, तो तोच विचार चघळत राहिला.

अनुसयाबाईला तिच्या धाकट्या भावानं जामिनावर सोडवून आणल्याचं कळलं, तेव्हा तो निघाला. आज तिला आपण काय देऊ शकतो ह्याचा त्यानं पुष्कळ विचार केला होता. शेवटी ठरवलं, तिच्या घरचं जेवायचं, तिच्या ताटात, तिच्यासमोर. ह्याहून मोठं आपल्याजवळ देण्यासारखं काही नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. 

ती झोपडीच्या आत, दाराच्या तोंडाशी बसून सुपात तूर पाखडत होती. डरमांचे खड्डे तसेच उघडे होते, त्यात पाणी साचलेलं. तो दारात उभा राहिला.

"अनुसया."

तिनं मान वर केली आणि खाली घातली. "भट्टी बंद झाली. इथं काई भेटत नाई."

"मी प्याले नाई आलो."

"मंग?"

"जेवाले आलो. तुह्या हातची भाकर असन तं दे."

सूप चालत राहिलं. फोलपटं उडून त्याच्या पायाशी पडत होती. त्याला वाटलं, तिला पटलं नसेल. म्हणून त्यानं घसा साफ केला आणि जन्मात कुणाला बोलला नव्हता ते बोलला.

"त्या दिवशी तू माह्यं नाव घेतलं नाई. मी विसरनार नाई ते. गावात सगळे पाया पडतेत माह्या, पण माह्यं म्हणावं असं तू एकच. मले समजलं ते. तू माह्यासाठी गप्प राह्यली."

सूप थांबलं. "कोणी सांगतलं तुमाले," अनुसयाबाई म्हणाली, "का मी तुमच्यासाठी गप्प राह्यली म्हून?"

"मंग कोणासाठी?"

"माह्यासाठी. तुमचा गिलास होय म्हटलं असतं तं बायाइनं इचारलं असतं, माणूस इथं काऊन येते, कवापासून येते, इतका टाइम काय करते. आचलच्या सासरपर्यंत गोष्ट गेली असती, का तुही माय त्या माणसासंग बसत होती. दारू विकतो म्हून लोक शिव्या देतेत, त्या मी खाऊन घेतो. चोर म्हणतीन, म्हणू दे. पण तुमचं न् माह्यं नाव कोणी संगं घेतलं असतं, तं मले सहन झालं नसतं." तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसं ती सांगत होती. "त्याच्यापरीस चोर बरी."

चंद्रभाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तशी तिनं पदर उचलला आणि नाकाला लावला. डरम उघडले तेव्हा बायांनी जसा लावला होता तसाच.

"किळस येते जी मले तुमची," पदराआडून ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाई. पहिले पहिले कीव ये."

 एवढे दिवस त्यानं दुसऱ्यांच्या तोंडांकडे बघून नाक मुरडलं होतं, पण ते मुरडलेलं नाक समोरच्याला कसं दिसत असेल हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"सरका तिकडं," अनुसयाबाई म्हणाली. "उजेड अडते."

तो सरकला. पुन्हा सुपाचा आवाज सुरू झाला.

परतताना नाल्याच्या पुलावर गावातली माणसं बसली होती. नत्थूजी होता, आणखी तिघेचौघे, खर्रा घोटत, कशावरून तरी मोठमोठ्यानं हसत, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत. चंद्रभानची चाल मंदावली. त्याच्या मनात आलं, जावं आणि बसावं त्यांच्यात, नत्थूजीच्या अगदी खांद्याला खांदा लावून. त्यानं दोन पावलं तिकडे टाकलीसुद्धा.

"अरे, भाऊ आले, भाऊ आले," कुणीतरी म्हणालं. हसणं थांबलं. सगळे धडपडून उठले, खर्रा गालात दाबला, आपला वास भाऊंना जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरले आणि पार कठड्याला टेकून त्याला रस्ता करून दिला. चंद्रभान त्या मोकळ्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, की ह्यातला एक तरी जागचा हलला नसेल.